देवमाशाचे पाय: खानदेशातून नेहमी येणारे प्रश्न

तापीकाठच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांमधून मी जुन्या हाडांच्या गोष्टी सांगत फिरतो. बहुतेक पोरांनी समुद्र फक्त मोबाइलवर पाहिलेला असतो. तरी सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते देवमाशाबद्दल. कार्यक्रम संपल्यावरही ते थांबत नाहीत. शिक्षकांचे येतात, पालकांचे येतात, रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. “मंग त्याले मासा काबर म्हंतस?” देवमासा मासा नसेल तर नावात मासा कसा?

चोपड्याकडच्या एका शाळेत हा प्रश्न असाच अहिराणीत आला, म्हणून तसाच ठेवलाय. नाव माणसांनी दिलं आणि ते आकार बघून दिलं. पाण्यात राहतो, पंख आहेत, शेपूट आहे, म्हणजे मासाच. पण त्याला कल्ले नसतात. फुप्फुसं असतात, त्यामुळे श्वासासाठी वर यावंच लागतं. रक्त गरम असतं, मादी पिल्लाला दूध पाजते, आणि काही जातींच्या थोबाडावर आजही तुरळक केस असतात.

मला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो तो शेपटीचा. माशाची शेपटी उभी असते आणि डावीउजवीकडे हलते. देवमाशाची आडवी असते आणि वरखाली हलते. आता जोरात पळणारं कुत्रं आठवा. त्याची पाठ कमानीसारखी वाकते आणि सरळ होते, म्हणजे वरखालीच. चार पायांवर धावणाऱ्या पूर्वजाची ही पाठ देवमाशानं समुद्रात नेली. त्याच्या पुढच्या पंखाचं कातडं काढून पाहिलं तर आत दंडाचं एक हाड, पुढे दोन हाडं, मनगट आणि बोटं सापडतात. आपल्या हातात हाडांचा जो क्रम आहे तोच.

२. जमिनीवरचा तो पूर्वज नेमका कोण?

“हाच तो” असं बोट ठेवता येईल असा एक प्राणी नाही, पण त्याच्या घरातला एक प्राणी माहीत आहे. त्याचं नाव इंडोहायस. मोठ्या बोक्याएवढा, बारीक पायांचा, खुरांचा, दिसायला पिसोरी हरणासारखा. साधारण ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. आणि तो सापडला भारतात, जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटजवळ.

त्याच्या शोधाची गोष्ट मी प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. ए. रंगा राव नावाच्या भारतीय भूवैज्ञानिकानं कालाकोटचे खडक गोळा केले आणि १९७१ साली काही दात व जबड्याच्या तुकड्यांवरून या प्राण्याला नाव दिलं. पुढे ते वारले. न फोडलेले खडक त्यांच्या पत्नीनं वर्षानुवर्षं जपून ठेवले आणि शेवटी हान्स थेविसेन या संशोधकाच्या हवाली केले. प्रयोगशाळेत खडकातून हाडं मोकळी करताना एका कवटीचा कानाजवळचा भाग चुकून तुटला. तुटलेल्या जागी जे दिसलं ते फक्त देवमाशांमध्ये दिसतं. थेविसेन, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ते प्रसिद्ध केलं. कवटी धड राहिली असती तर कानाच्या आत डोकवायचं कुणाला कधी सुचलं असतं, कोण जाणे.

३. हरणासारखा दिसणारा प्राणी देवमाशाचा नातेवाईक, हे कशावरून? दिसण्यात तर काहीच साम्य नाही.

दिसण्यावर जाऊ नका, दिसण्यानंच पहिल्या प्रश्नातला घोळ केला होता. इथे तीन गोष्टी आहेत.

पहिली कानाची. मधल्या कानाला झाकणारं वाटीसारखं एक हाड असतं. देवमासे आणि त्यांच्याच कुळातले डॉल्फिन यांच्यात त्या वाटीची आतली कड चांगलीच जाड असते. इंडोहायसमध्ये ती तशीच जाड आहे.

दुसरी पायांच्या हाडांची. त्यांची भिंत जाड आणि आतली पोकळी अरुंद. आपल्याकडे मटणातली नळी चोखणाऱ्याला इंडोहायसनं निराश केलं असतं! अशी जड हाडं पाणघोड्यासारख्या, पाण्याच्या तळावरून चालणाऱ्या प्राण्यांत असतात. अंगातच वजन बांधलेलं, म्हणजे तरंगून वर येण्याची कटकट नाही.

तिसरी दातांची. दाताच्या लुकणात, म्हणजे वरच्या कडक थरात, ऑक्सिजनची दोन रूपं कोणत्या प्रमाणात आहेत यावरून प्राणी पाण्यात किती वेळ काढत होता याचा अंदाज येतो. तो अंदाजही पाण्याकडेच बोट दाखवतो.

४. चांगलं जमिनीवर चाललं होतं, मग पाण्यात जायची अवदसा का आठवली?

आठवली नाही. कुणी ठरवून गेलं नाही. आफ्रिकेत आजही पिसोरीच्या कुळातला एक छोटा प्राणी आहे. घारगरुडाची सावली पडली की तो पाण्यात बुडी मारतो आणि तळाशी दबून राहतो. इंडोहायसचंही असंच काही असावं, असा अंदाज आहे. जीव वाचवायला पाण्यात जायचं, मग तिथे खायलाही मिळतंय म्हटल्यावर जास्त वेळ थांबायचं.

त्या काळी भारताचा भूखंड आशियाला धडकत होता आणि मध्ये टेथिस नावाचा उथळ, उबदार समुद्र आटत चालला होता. हिमालय अजून वर यायचा होता. किनाऱ्याच्या दलदलीत अन्न भरपूर. डायनासोरांच्या काळातले मोठे समुद्री सरडे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच संपले होते. रिकाम्या वावरात आधी शिरलेल्याला जसं कुणी अडवत नाही, तसं काहीसं झालं.

५. पायांचा प्राणी ते पंखांचा प्राणी, मधले टप्पे दाखवा. नुसतं सांगू नका.

हे लांबेल. चहा घेऊन बसा.

पाकिसेटस: साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीचा, आजच्या पाकिस्तानातला, लांडग्याएवढा. फिलिप गिंगरिच आणि सहकाऱ्यांनी तो १९८३ साली जगापुढे आणला. तेव्हा हाती फक्त डोक्याचा भाग होता, म्हणून चित्रकारांनी त्याला सीलसारखा पोहताना रंगवलं. २००१ साली बाकीची हाडं समोर आली आणि तो चांगला लांब पायांचा, चालणारा प्राणी निघाला. जुनी चित्रं अजून इंटरनेटवर फिरतात, ती दिसली तर दचकू नका. तो गोड्या पाण्याच्या ओढ्याकाठी राहत होता.

अ‍ॅम्ब्युलोसेटस: पाकिस्तानच्याच काला चित्ता टेकड्यांतला, १९९४ साली वर्णन झालेला, सुमारे ३ मीटर लांब. मागचे पंजे अवाढव्य. जमिनीवर त्याची चाल बोजडच असणार. मगरीसारखा उथळ पाण्यात दबा धरून बसत असावा. नावाचा अर्थच ‘चालणारा देवमासा’.

कच्छीसेटस: हा आपल्या शेजारचा, गुजरातमधल्या कच्छचा. बाजपेयी आणि थेविसेन यांनी २००० साली नाव दिलं. लहानखुरा, लांब तोंडाचा, आखूड पायांचा, पाणमांजरासारखा लांब शेपटीचा. त्याआधी १९७०च्या दशकात अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्र यांनी कच्छमधून जुन्या देवमाशांचे अवशेष उजेडात आणले होते. शाळेच्या पुस्तकात हे सगळं असायला हवं असं मला राहून राहून वाटतं. इजिप्त-अमेरिकेची उदाहरणं पोरांना पाठ असतात आणि कच्छ राहून जातं.

मायासेटस: सुमारे ४ कोटी ७५ लाख वर्षांपूर्वीचा, २००९ साली जाहीर झालेला. याच्या एका मादीच्या पोटात पिल्लाचे अवशेष मिळाले, आणि पिल्लाचं डोकं बाहेरच्या बाजूला होतं. आजचे देवमासे बहुधा शेपटीकडून जन्मतात, म्हणजे पिल्लू बुडायचा धोका कमी. डोकं आधी येत असेल तर बाळंतपण जमिनीवर होत असणार, असा गिंगरिच यांचा तर्क. ते पोटातलं पिल्लू नसून खाल्लेलं भक्ष्य असावं अशी शंकाही काहींनी काढली आहे. मला गिंगरिच यांचं म्हणणं पटतं, पण शंका आहे हे सांगायलाच हवं.

बॅसिलोसॉरस: ४ कोटी वर्षांच्या आसपासचा, १५ ते १८ मीटर लांब, पूर्णपणे समुद्रात राहणारा. १८३४ साली त्याला सरडा समजून ‘सरड्यांचा राजा’ असं नाव दिलं गेलं. पुढे दात पाहून तो सस्तन ठरला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. इजिप्तच्या वाळवंटात, वादी अल हितान इथे, त्याचे इवलेसे मागचे पाय सापडले. १९९० साली ते प्रसिद्ध झाले. गुडघा आहे, बोटं आहेत, पण एवढ्या धुडाला त्यावर उभं राहणं अशक्य.

लांडग्याएवढ्या प्राण्यापासून इथवर यायला लागली सुमारे १ कोटी वर्षं. भूशास्त्राच्या हिशेबात हे घाईचंच काम. एक सावधगिरी मात्र बाळगा. ही नावं आजोबा-बाप-मुलगा अशी सरळ ओळ नाही. एकाच भावकीतले हे वेगवेगळे चुलते आहेत, कुळाची वाट कुठून गेली ते दाखवणारे.

६. पाणघोडा देवमाशाचा भाऊ म्हणतात. म्हणजे पाणघोड्याचा देवमासा झाला का?

नाही. चुलतभावापासून तुमचा जन्म होत नाही. दोघांचे आजोबा एक, एवढंच. ज्या काळी देवमासे पाण्यात उतरले त्या काळी आजच्यासारखा पाणघोडा अस्तित्वातच नव्हता.

यात शास्त्रज्ञही बरीच वर्षं चुकले होते. १९६०च्या दशकापासून असं मानलं जायचं की मेसोनिकिड नावाच्या, लांडग्यासारख्या दिसणाऱ्या खुरवाल्या मांसाहारी प्राण्यांपासून देवमासे आले, कारण दातांत साम्य होतं. १९९०च्या दशकात डीएनएच्या अभ्यासानं वेगळंच सांगितलं: गाय, हरीण, डुक्कर, उंट या समखुरी, म्हणजे पायाला दोन किंवा चार असे सम खुर असलेल्या, प्राण्यांत देवमासा बसतो आणि त्याच्या सगळ्यात जवळचा जिवंत नातलग पाणघोडा. हाडांवर काम करणाऱ्यांना ते सहजी पटेना. मग २००१ साली पाकिस्तानातून जुन्या देवमाशांच्या घोट्याची हाडं मिळाली आणि वाद मिटला.

ते घोट्याचं हाड तुम्ही घरी पाहू शकता. बोकडाच्या मागच्या पायाच्या सांध्यात, बोटाच्या पेराएवढं, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं एक हाड असतं. खाटिकाला सांगितलं तर तो काढून देतो. दोन्हीकडे कप्पी हे समखुरी प्राण्यांचं आधार कार्ड समजा. घोड्यात, कुत्र्यात, माणसात ते तसं नसतं. पाय असलेल्या जुन्या देवमाशांत मात्र ते आहे.

७. मागचे पाय कुठे गेले? पुसून टाकले का?

पूर्ण नाही. आजच्या देवमाशांच्या अंगात, कण्याला न जोडलेली, कमरेच्या हाडांची छोटी जोडी असते. ती निव्वळ अडगळ नाही. जननेंद्रियांचे स्नायू तिला बांधलेले असतात. डॉल्फिनच्या गर्भात सुरुवातीला मागच्या पायांचे कोंब येतात आणि काही आठवड्यांत विरून जातात. क्वचित विरत नाहीत. २००६ साली जपानमध्ये पकडलेल्या एका डॉल्फिनला मागच्या बाजूला पंखांची एक जास्तीची जोडी होती.

८. नाक डोक्यावर कसं सरकलं?

हळूहळू. पाकिसेटसच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाशी, पुढच्या प्राण्यांत त्या मागे सरकलेल्या, बॅसिलोसॉरसमध्ये आणखी मागे, आजच्या देवमाशात थेट टाळूवर. मान वर न काढता श्वास घेता येतो हा फायदा. ओघानं येणारा दुसरा प्रश्न: झोपेत बुडत नाही का? डॉल्फिन एका वेळी मेंदूचा एकच अर्धा भाग झोपवतात, दुसरा जागा राहून श्वासाचं बघतो. शेतात रात्रपाळीचं पाणी भरणाऱ्यांना ही सोय हवीहवीशी वाटेल.

९. सील, सागरी गाय, देवमासा हे सगळे एकाच पूर्वजाचे का?

नाही, आणि इथे भलेभले फसतात. जमिनीवरून समुद्रात जाण्याचा प्रवास सस्तन प्राण्यांनी निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या घराण्यांतून केला.

सागरी गाय, म्हणजे ड्युगाँग, हिचं नातं हत्तीशी. नर ड्युगाँगला सुळे असतात, मादीचे स्तन हत्तिणीसारखे पुढच्या पायांपाशी, बगलेत असतात. ती समुद्राच्या तळावरचं गवत चरते. आपल्याकडे ती पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचं आखात, कच्छचं आखात आणि अंदमानात आढळते. चार पायांवर चालू शकणारी तिची जुनी नातेवाईक पेझोसायरन जमैकात सापडली आणि २००१ साली तिचं वर्णन झालं.

सील आणि वॉलरस हे मांसाहारी गटातले, अस्वल आणि मुंगूसासारख्या दिसणाऱ्या वीझलच्या जवळचे. पाणमांजरासारख्या पायांचा त्यांचा जुना नातेवाईक पुइजिला कॅनडाच्या उत्तरेकडे मिळाला, २००९ साली जाहीर झाला. सील अजूनही पिल्लं द्यायला काठावर किंवा बर्फावर येतात, म्हणजे त्यांनी जमिनीशी पूर्ण फारकत घेतलेली नाही.

तिघांचा आकार सारखा झाला कारण पाणी सगळ्यांना एकाच साच्यात घासतं.

१०. आमची म्हैस दिवसभर तापीत डुंबते. तिला पंख फुटतील का?

हा प्रश्न हसून विचारला जातो, पण यातच सगळ्यात मोठा गैरसमज दडलेला आहे. एखादा प्राणी त्याच्या आयुष्यात कितीही पोहला तरी त्याचे पाय पंख होत नाहीत आणि पोहण्याची सवय पिल्लाच्या हाडांत उतरत नाही. बदल होतो तो कळपाच्या पिढ्यांमध्ये. पिल्लं थोडी थोडी वेगळी जन्मतात. ज्यांचं वेगळेपण त्या जागी कामाला येतं ती जगतात, त्यांची पिल्लं जास्त होतात, आणि असं लाखो वर्षं चालतं.

म्हशीच्या बाबतीत तर कोणती म्हैस गाभण राहणार हे माणूस ठरवतो, आणि तो बघतो दूध. एप्रिलच्या उन्हात ती पाण्यात बसते कारण तिला घाम फारसा येत नाही. संध्याकाळी पेंड खायला ती गोठ्यातच येणार आहे. तरी तिचे दोन खुर बघा आणि सहावा प्रश्न पुन्हा वाचा. नातं लांबचं असलं तरी खरं आहे.

११. विहीर खणताना हाडासारखा दगड निघाला. देवमाशाचा असेल का?

महिन्यातून एकदा तरी फोटो येतो. उत्तर आजवर एकच राहिलं आहे: नाही.

खानदेशाच्या बुडाशी काळा पाषाण आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. धुळे-नंदुरबारकडे मैलोन्‌मैल भिंतीसारख्या टेकड्या दिसतात, त्या या लाव्हाच्या भेगांत थिजलेल्या आहेत. लाव्हात देवमासा मिळत नाही, आणि तो थंड झाला तेव्हा देवमाशाचे पूर्वज पाण्यात उतरायला दीड कोटी वर्षं बाकी होती. फोटोतला पांढरा, चकचकीत, हाडासारखा दिसणारा दगड बहुतेक वेळा लाव्हाच्या पोकळीत वाढलेलं खनिज असतं.

सातपुड्यापलीकडे, धार जिल्ह्यातल्या बाघ भागात समुद्री खडक आहेत. शंख-शिंपले मिळतात. पण तो समुद्र लाव्हाच्याही आधीचा, डायनासोरांच्या काळातला.

तापी-पूर्णेच्या गाळात मात्र खरी हाडं सापडू शकतात, जमिनीवरच्या प्राण्यांची आणि फार अलीकडच्या काळातली. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी मिळाले आहेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. खानदेशात शहामृग होते हे ऐकून पोरं देवमासा विसरतात.

योग्य वयाचे खडक हवे असतील तर भुसावळ-सुरत गाडी पकडा. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत ५ कोटी वर्षांहून जुन्या सस्तन प्राण्यांची हाडं मिळाली आहेत. जुन्या देवमाशांसाठी आणखी पुढे, कच्छला. तरीही गाळात खरंच हाड लागलं तर घासूनपुसून चुना लावू नका. जागेचा फोटो काढा, खोली लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला दाखवा.

१२. दशावतारात आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह. क्रम पाण्यातून जमिनीकडे आहे. देवमासा उलटा कसा गेला?

अवतारकथा हा जीवशास्त्राचा तक्ता नाही. तिला तसं राबवलं की कथेचंही नुकसान होतं आणि शास्त्राचंही. पण प्रश्नामागची समजूत महत्त्वाची आहे: उत्क्रांती म्हणजे वर चढत जाणारा जिना, पाण्यातला खालचा आणि जमिनीवरचा वरचा. असा जिना नाही. जिथे पोट भरतं आणि पिल्लं वाढतात तिकडे वाट जाते. सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी माशांच्या एका शाखेला पाय फुटले, आणि त्याच वंशातल्या काहींनी ५ कोटी वर्षांपूर्वी ते परत केले. मात्र कल्ले परत मिळाले नाहीत. गेलेली गोष्ट जशीच्या तशी फिरून येत नाही, म्हणून आजही प्रत्येक श्वासासाठी वर यावं लागतं.

१३. गंगेत डॉल्फिन आहे. तो समुद्रात गेलाच नव्हता का?

गेला होता, आणि परत आला. सगळ्या डॉल्फिनचे पूर्वज समुद्रातलेच. काही शाखा नंतर मोठ्या नद्यांत शिरल्या. गंगेच्या गढूळ पाण्यात पाहायचं काय? त्याच्या डोळ्यांत भिंगच उरलं नाही, तो आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. गंमत म्हणजे अ‍ॅमेझॉनचा नदी-डॉल्फिन दिसायला याच्यासारखाच, पण जवळचा नातलग नाही. नवव्या प्रश्नातला साचा इथेही लागू पडतो. तापीत डॉल्फिन नाही. उन्हाळ्यातली तापी पाहिलेल्यानं कारण विचारू नये.

१४. मोठ्या देवमाशांना दात का नसतात?

निळ्या देवमाशासारख्या जाती तोंडातल्या झालरीनं पाणी गाळून बारीक जीव खातात. झालर आपल्या नखाच्याच द्रव्याची. पण त्यांच्या गर्भात दातांचे कोंब येतात आणि जन्माआधी जिरतात. दातवाले आणि झालरवाले हे दोन गट सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले.

१५. “मधला दुवा कधी सापडलाच नाही” असं एका व्हिडिओत सांगितलंय.

व्हिडिओ जुन्या माहितीवर आहे. १८५९ साली डार्विननं तोंड उघडं ठेवून पोहणाऱ्या काळ्या अस्वलाचं उदाहरण देऊन देवमाशासारखा प्राणी घडू शकेल असं लिहिलं, तेव्हा लोक हसले आणि पुढच्या आवृत्तीत त्यानं ते आखडतं घेतलं. त्या वेळी दुवा खरोखरच हाती नव्हता. १९८० नंतर जे मिळालं ते पाचव्या प्रश्नात आहे. गंमत अशी की दोन प्राण्यांच्या मधे तिसरा सापडला की काही जण म्हणतात, आता एकाऐवजी दोन जागा रिकाम्या झाल्या.

१६. व्हेलची उलटी सापडली तर किती भाव मिळेल?

हा प्रश्न येतो, टाळता येत नाही. तो पदार्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री भारतात गुन्हा आहे. पुढचं पोलिसांना विचारा.

१७. खरा सांगाडा कुठे बघायला मिळेल?

महाराष्ट्रात रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. जळगावहून लांब पडतं, पण शाळेची सहल कोकणात जाणारच असेल तर गणपतीपुळ्याच्या वाटेवर थांबता येतं. पोरं जबड्यापाशी गर्दी करतात. तुम्ही आधी पुढच्या पंखाकडे जा आणि बोटं मोजा.